ब्रेनस्टेममधली गाठ: एक सर्जन ‘हात लावू नका’ म्हणतात, दुसरे ‘करता येईल’ म्हणतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३१ वर्षांच्या बहिणीला एका सकाळी अचानक एकाचे दोन दिसायला लागले, चेहऱ्याची डावी बाजू बधिर झाली, उजवा हात आणि पाय जड पडले. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘पॉन्समध्ये रक्तस्राव झालेलं लिजन’ (म्हणजे बिघडलेला भाग) असं लिहून आलं. एका न्यूरोसर्जननी सांगितलं की त्या जागेला हात लावायचा नसतो. दुसऱ्यांनी सांगितलं की ऑपरेशन करता येईल. यात चुकतंय कोण?

बहुधा कुणीच नाही. ‘ब्रेनस्टेममधली गाठ’ हे आजाराचं नाव नाही, तो पत्ता आहे. त्या पत्त्यावर दहा-पंधरा अगदी वेगवेगळे आजार राहू शकतात. त्यातल्या काहींना सुरी लावणं हा गुन्हा ठरेल, काहींना न लावणं. मी सव्वीस वर्षं या भागातली ऑपरेशनं करतो आहे, आणि आजही कुणी फिल्म समोर ठेवून ‘काढता येईल का?’ एवढंच विचारलं, तर मी आधी हे नेमकं काय आहे, ब्रेनस्टेमच्या कुठल्या मजल्यावर आहे आणि पृष्ठभागापर्यंत आलंय का, एवढं पाहून घेतो. ऑपरेशनचं उत्तर त्यातूनच निघतं.

ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा बुंधा. मोठा मेंदू वर, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू खाली, आणि दोघांना जोडणारा हा सात-आठ सेंटिमीटर लांबीचा भाग. वरचा मिडब्रेन, मधला फुगीर पॉन्स, खालचा मेड्युला. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोडी नसांपैकी दहा जोड्या इथून निघतात: डोळे फिरवणाऱ्या, चेहरा हलवणाऱ्या, ऐकू आणणाऱ्या, घास गिळायला लावणाऱ्या. हातापायांना हुकूम नेणारे सगळे तंतू इथून खाली उतरतात, स्पर्शाची बातमी इथूनच वर जाते. श्वास, नाडी आणि जागं राहणं यांची केंद्रंही इथेच. मोठ्या मेंदूच्या काही भागांत दोन सेंटिमीटरची गाठ वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकते. इथे दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी माणसाचा डोळा आत वळतो.

याच दाटीमुळे ब्रेनस्टेमचा आजार फिल्मच्याही आधी तपासणीच्या टेबलावर ओळखू येतो. तुमच्या बहिणीची लक्षणं पाहा: चेहरा डावीकडचा, हातपाय उजवीकडचे. चेहऱ्याच्या नसा त्याच बाजूला बाहेर पडतात, पण हातापायांचे तंतू खाली मेड्युलात गेल्यावर बाजू बदलतात. म्हणून बुंध्यात एका बाजूला काही झालं की चेहरा एकीकडचा आणि हातपाय दुसरीकडचे धरतात. ही उलटसुलट जोडी दिसली की शंका थेट ब्रेनस्टेमवर जायला हवी.

त्याहून महत्त्वाचा असतो वेग. सकाळी उठल्यावर एकदम सगळं झालं, तर रक्तस्राव किंवा रक्तवाहिनी बंद होणं. चार-सहा आठवड्यांत लहान मुलाचा डोळा आत वळायला लागला, चाल बिघडली, बोलणं जड झालं, तर वेगाने पसरणारी गाठ. दोन-तीन वर्षांपासून मान एका बाजूला कललेली, सारखा ठसका, आवाज हळूहळू घोगरा होत गेलेला, तर सावकाश वाढणारी गाठ. मी पालकांना नेहमी जुने फोटो आणायला सांगतो. एका मुलीच्या दोन वाढदिवसांच्या फोटोंत मान त्याच बाजूला, तितक्याच अंशात कललेली होती. घरच्यांना ती तिची लकब वाटायची. गाठ किमान दोन वर्षं जुनी आहे हे त्या फोटोंनी सांगितलं, आणि ती सौम्य असणार हा आमचा अंदाज पुढे बायोप्सीत खरा ठरला.

आता फिल्म. सीटी स्कॅनवर इथे विसंबू नये. कानामागची दाट हाडं नेमकी पॉन्सवर काळे पट्टे पाडतात आणि गाठ त्यात हरवते. ताजा रक्तस्राव आणि मेंदूत साचलेलं पाणी पाहायला सीटी उपयोगी, बाकी सगळं एमआरआयवर. तोही साधा नको. कॉन्ट्रास्टसह, पातळ स्लाइसचा, रक्ताचे जुने डाग दाखवणाऱ्या सीक्वेन्ससह. आणि ऑपरेशनचा विचार असेल तर तंतूंचे मार्ग रंगात दाखवणारी ट्रॅक्टोग्राफीसुद्धा. ट्रॅक्टोग्राफीची चित्रं देखणी असतात, पण सूज आणि रक्त असेल तर ती फसवतात. मी त्यांचा आधार घेतो, त्यांच्यावर भिस्त ठेवत नाही.

मुलांमध्ये चार चित्रं पाठ असावीत. पहिलं आणि सर्वात दुःखद म्हणजे संपूर्ण पॉन्स फुगलेला, गाठीला कडा नाहीत, पुढची मुख्य धमनी गाठीने वेढलेली. ही पॉन्समध्ये पसरलेली ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींपासून झालेली गाठ. दुसरं, मिडब्रेनच्या पाठीवरची छोटी गाठ, जी मेंदूतल्या पाण्याचा मार्ग अडवते. हिला बहुतेक वेळा हातही लावावा लागत नाही. दुर्बिणीने मेंदूच्या पोकळीत पाण्याला नवी वाट करून दिली की डोकेदुखी आणि उलट्या थांबतात, आणि गाठ वर्षानुवर्षं तशीच राहते. तिसरं, बुंध्याच्या पाठीतून चौथ्या पोकळीत, म्हणजे बुंधा आणि छोटा मेंदू यांच्यामधल्या पाण्याच्या जागेत, फुगत आलेली गाठ. चौथं, मेड्युला आणि मानेतल्या मज्जारज्जूच्या सांध्यावरची. शेवटच्या दोन बहुधा सावकाश वाढणाऱ्या असतात, आणि तिथे ऑपरेशनने खरोखर आयुष्य मिळतं. फ्रेड एपस्टाइन या न्यूयॉर्कच्या बाल-न्यूरोसर्जननी १९८० च्या दशकात हे फरक मांडले. त्याआधी ब्रेनस्टेमची गाठ म्हटली की सगळ्यांना एकच उत्तर मिळायचं. सौम्य गाठ आडव्या जाणाऱ्या तंतूंना फाडत नाही, त्यांच्यावर आपटून वळते आणि जिथे वाट मिळेल तिकडे फुगते, हे त्यांचं निरीक्षण मला आजही फिल्म वाचताना रोज उपयोगी पडतं.

गाठीसारखं दिसणारं सगळं गाठ नसतं. क्षयाची गाठ, मल्टिपल स्क्लेरोसिसचा चट्टा, लिस्टेरिया जंतूचा संसर्ग, लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर), बेहसेट आजाराची सूज, रक्तातलं सोडियम घाईने वर आणल्यामुळे पॉन्सला झालेली इजा, हे सगळं मी ‘ट्यूमर’ या शिक्क्यासह पाठवलेलं पाहिलं आहे. क्लिपर्स नावाचा एक आजार तर २०१० साली पहिल्यांदा नोंदवला गेला. त्यात पॉन्सवर तिखटाची पूड भुरभुरावी तसे कॉन्ट्रास्टचे बारीक ठिपके दिसतात आणि स्टिरॉइडने ते झरझर विरतात. म्हणून एक कळकळीची विनंती: निदान व्हायच्या आधी, सूज जीवघेणी नसेल तर, स्टिरॉइड सुरू करायची घाई करू नये. लिम्फोमा आणि क्लिपर्स दोन्ही स्टिरॉइडने पुसले जातात, आणि मग बायोप्सीत काहीच सापडत नाही. दुसऱ्या टोकाला पॉन्समधला केशवाहिन्यांचा एक निरुपद्रवी पुंजका असतो, जो भलत्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये दिसतो आणि घराची झोप उडवतो. त्याला काहीही करायचं नसतं.

बायोप्सीची भीती आजही फार आहे. १९९० च्या दशकात असं ठरलं होतं की मुलांमधलं पसरलेल्या ग्लायोमाचं चित्र एमआरआयवर इतकं स्पष्ट असतं की सुई घालून धोका कशाला पत्करायचा. त्या काळात ते बरोबर होतं, कारण तुकडा तपासून उपचार बदलत नव्हता. २०१२ मध्ये चित्र पालटलं. या गाठींपैकी जवळपास ८० टक्क्यांत हिस्टोन एच३ प्रथिनाच्या जनुकात एकच ठरावीक बदल सापडला, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ आणि २०२१ च्या वर्गीकरणांत त्यावरूनच या गाठीचं नाव ठरलं. आज संगणकाच्या मार्गदर्शनाखाली कपाळाकडून किंवा छोट्या मेंदूच्या देठातून बारीक सुई नेऊन केलेली बायोप्सी अनुभवी हातांत ९५ टक्क्यांहून जास्त वेळा निदान देते, आणि कायमची इजा शंभरात एक-दोघांना होते. मोठ्या माणसांत तर बायोप्सीशिवाय ‘ग्लायोमा’ म्हणून रेडिएशन द्यायला मी तयार नसतो. त्यांच्यात फिल्म फार वेळा चुकवते.

त्या पसरलेल्या ग्लायोमाबद्दल खरं तेच सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत कुणाचं तरी मूल असेल. ही गाठ ऑपरेशनने काढता येत नाही. गाठीच्या पेशी चांगल्या तंतूंच्या मधोमध विणलेल्या असतात, त्यामुळे गाठ काढणं म्हणजे पॉन्सच काढणं. रेडिएशन, साधारणपणे सहा आठवड्यांत ५४ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), बहुतेक मुलांना काही महिने चालतं-बोलतं करतं आणि तो काळ मोलाचा असतो. तरीही निम्मी मुलं निदानानंतर वर्षभरही जगत नाहीत, आणि दोन वर्षांपलीकडे जाणारी दहात एकाहूनही कमी. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डोर्डाव्हिप्रोन हे पोटात घ्यायचं औषध, तो विशिष्ट जनुकबदल असलेल्या आणि आधीच्या उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी मंजूर केलं. अभ्यासात साधारण पाचातल्या एका रुग्णाची गाठ आकसली. थोडं आहे, पण या आजारात इतकी वर्षं काहीच नव्हतं. आणि ते मिळायचं तर जनुकबदल आधी सिद्ध व्हावा लागतो, म्हणजे बायोप्सी हवी. अशा मुलाच्या आईवडिलांना कुणी ‘गाठ पूर्ण काढून देतो’ म्हणत असेल तर त्यांनी तिथून उठून यावं.

आता तुमच्या बहिणीकडे येतो. वय ३१, एकदम सुरुवात, पॉन्स, रक्तस्राव. या चारही गोष्टी एकत्र आल्या की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं कॅव्हर्नोमाचं. ही कॅन्सरची गाठ नव्हे. पातळ भिंतींच्या रक्ताच्या पिशव्यांचा हा झुबका, तुतीच्या फळासारखा. एमआरआयवर मध्ये लाह्यांसारखे पांढरे-करडे दाणे आणि भोवती जुन्या रक्ताच्या लोहाचं काळं कडं दिसतं. दाब कमी असल्यामुळे तो फुटला तरी सहसा जीव घेत नाही, पण बुंध्यात चमचाभर रक्तही हाहाकार करतं. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा रक्तस्रावानेच सुरुवात झालेल्या ब्रेनस्टेमच्या कॅव्हर्नोमात पुढच्या पाच वर्षांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका सुमारे ३१ टक्के निघाला. रक्तस्राव कधीच न झालेल्या ब्रेनस्टेमच्या कॅव्हर्नोमात तो ८ टक्के होता. हे पुन्हा फुटणंही सारखं विखुरलेलं नसतं; पहिल्या दोनेक वर्षांत ते जास्त, नंतर ओसरतं.

म्हणून ‘हात लावू नका’ आणि ‘करता येईल’ ही दोन्ही उत्तरं इथे प्रामाणिक असू शकतात. पहिलाच रक्तस्राव, लक्षणं ओसरताहेत, कॅव्हर्नोमा पॉन्सच्या गाभ्यात आणि वर मेंदूच्या चांगल्या मज्जेचा थर असेल, तर मी स्वतः थांबायला सांगतो. दुसऱ्यांदा फुटला असेल, बिघाड वाढत असेल आणि तो पृष्ठभागाला टेकलेला असेल, तर मी ऑपरेशन सुचवतो. यांच्या मधल्या करड्या पट्ट्यात चांगल्या सर्जनांचंही एकमत होत नाही. रेडिओसर्जरीबद्दल, म्हणजे सुरीऐवजी नेमक्या जागी किरणांचा मारा करण्याबद्दल, मतं त्याहून दुभंगलेली आहेत. मी ती ऑपरेशन शक्यच नसताना, तेही क्वचित सुचवतो.

‘पृष्ठभागाला टेकलेला’ हे ठरवताना एक चूक वारंवार होते. लोह दाखवणाऱ्या सीक्वेन्सवर काळं कडं प्रत्यक्षाहून मोठं दिसतं, आणि त्यामुळे खोलवरचा कॅव्हर्नोमाही अगदी कडेला आल्यासारखा भासतो. हा निर्णय टी-१ या एमआरआयच्या दुसऱ्या सीक्वेन्सच्या फिल्मवर करायचा. टी-१ वर त्याच्या आणि बुंध्याबाहेरच्या पाण्याच्या मध्ये मज्जेची पट्टी दिसत असेल, तर तो टेकलेला नाही. तुमच्या दोन सर्जनांचं मत इथेच वेगळं झालं असण्याची बरीच शक्यता आहे. दोघांनाही त्याच टी-१ स्लाइसवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

आत कुठून शिरायचं, हा पुढचा प्रश्न. कॅव्हर्नोमाच्या मध्यावर एक बिंदू, तो पृष्ठभागाला जिथे सर्वात जवळ आहे तिथे दुसरा, दोन्ही जोडणारी रेघ बाहेर वाढवली की कवटी कुठे उघडायची ते कळतं. अमेरिकन सर्जन रॉबर्ट स्पेट्झलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही साधी भूमिती. पण ती रेघ महत्त्वाच्या केंद्रावरून जात असेल तर ती सोडायची आणि सुरक्षित प्रवेशाच्या ठरलेल्या जागांपैकी एक धरायची: पाचव्या नसेच्या मुळाजवळची पॉन्सची बाजू, मिडब्रेनच्या बाजूची खाच, चौथ्या पोकळीच्या तळावर चेहऱ्याच्या नसेमुळे आलेल्या उंचवट्याच्या वर आणि खाली असलेले दोन छोटे त्रिकोण. ‘सुरक्षित’ हा शब्द इथे तुलनेने घ्यायचा.

तो क्षण कसा असतो ते सांगतो. छोट्या मेंदूचे दोन भाग अलगद बाजूला झाले की मायक्रोस्कोपखाली चौथ्या पोकळीचा तळ दिसतो, मोत्यासारखा पांढरा. कॅव्हर्नोमा वर आलेला असेल तर त्यावर एक पिवळसर-तपकिरी डाग असतो, जुन्या रक्ताचा. डाग दिसला म्हणून लगेच कापायचं नाही. एक-दोन मिलिअँपिअरचा करंट देणारी बारीक सळई त्या तळावर मिलिमीटर-मिलिमीटरने टेकवत जायचं. चेहऱ्याच्या स्नायूंत घातलेल्या सुया स्पीकरला जोडलेल्या असतात. चेहऱ्याच्या केंद्राला धक्का लागला की थिएटरमध्ये तडतड आवाज येतो. ते उंचवटे आता कुठे असायला हवेत हे पुस्तक सांगतं, पण गाठीने ते ढकललेले असतात, म्हणून आवाज नसलेली जागा त्या रुग्णातच शोधायची. यासाठी भूलतज्ज्ञांना स्नायू शिथिल करणारं औषध बंद ठेवावं लागतं आणि भूल शिरेतूनच द्यावी लागते, नाहीतर सिग्नल विझतात. मग चीर तंतूंच्या दिशेने, काही मिलिमीटरचीच. आतलं जुनं रक्त आधी शोषून घेतलं की पोकळी तयार होते आणि झुबका त्या पोकळीत आत ओढून तुकड्या-तुकड्यांनी काढता येतो. मध्येच नाडी नव्वदवरून चाळीसवर येते, भूलतज्ज्ञ म्हणतात ‘थांबा’, आणि मी हात मागे घेतो. बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात नाडी पूर्ववत होते. शेजारी असलेली जाड शीर मात्र कधीच बंद करायची नाही. ती कॅव्हर्नोमाची वाटते, पण त्या भागातलं चांगलं रक्त तीच वाहून नेत असते; ती गेली तर बुंध्याला सूज येऊन सगळं हातचं जातं. आणि कॅव्हर्नोमाचा तुकडा मागे राहिला तर तो पुन्हा फुटतो.

वेळही महत्त्वाची. ऑपरेशन करायचंच असेल तर बरेच अनुभवी सर्जन रक्तस्रावानंतरच्या दोन ते सहा आठवड्यांचा काळ पसंत करतात. रक्त पातळ झालेलं असतं, पोकळी मिळते, आणि भोवती कडक व्रण अजून तयार झालेला नसतो.

ऑपरेशननंतर रुग्ण आधीपेक्षा वाईट दिसू शकतो, हे घरच्यांना आधीच सांगायला हवं. डोळे आणखी तिरळे, चाल आणखी डगमगती. यातलं बरंचसं पुढच्या काही महिन्यांत भरून येतं, सगळं नाही. जीवाला धोका मात्र गिळण्या-खोकण्यात आणि श्वासात असतो. ऑपरेशन मेड्युलाजवळ झालं असेल तर पाणी पाजण्याआधी गिळण्याची तपासणी झालीच पाहिजे. गरज पडली तर नाकातून नळी आणि गळ्यात ट्रेकिओस्टॉमी (श्वासासाठी केलेलं छिद्र) काही आठवड्यांसाठी स्वीकारावी. ती हार नव्हे, न्यूमोनियापासून संरक्षण आहे. झोपेत श्वास थांबतोय का यावर आयसीयूत पहिल्या रात्री डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

एक गोष्ट फार दुर्लक्षित राहते, ती डोळा. तुमच्या बहिणीची चेहऱ्याची डावी बाजू बधिर आहे. पुढे-मागे त्या बाजूची पापणी मिटेनाशी झाली, तर बुबुळ कोरडं पडेल आणि तिला टोचणारही नाही. तीन दिवसांत बुबुळावर जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम, पापणीवर टेप, आणि डोळा लाल दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. हे आजपासूनच पाळा, ऑपरेशन होवो न होवो.

आणखी एक, जे वर्षभराने घाबरवेल. बुंध्यातल्या एका ठरावीक साखळीला धक्का बसला असेल, तर काही महिन्यांनी मेड्युलातला ऑलिव्ह नावाचा भाग एमआरआयवर पांढरा आणि फुगलेला दिसतो. टाळू लयीत हलायला लागतो, कधी नजर थरथरते. रिपोर्टमध्ये ‘नवीन गाठ’ असं लिहून येतं. ती गाठ नसते. तुटलेल्या जोडणीमुळे तो भाग फुगतो आणि काही वर्षांत आपोआप आकसतो. माझ्या एका रुग्णाला यासाठी दुसरीकडे बायोप्सीची तारीखही मिळाली होती. घरच्यांनी जुन्या फिल्म घेऊन फोन केला म्हणून ती टळली.

आता करायचं ते इतकंच. रिपोर्ट नव्हे, सगळ्या सीक्वेन्सची मूळ डिजिटल सीडी घ्या. संपूर्ण मेंदूचा लोह दाखवणारा सीक्वेन्स झालाय का ते पाहा. आणखी कॅव्हर्नोमा दिसले तर आजार आनुवंशिक असू शकतो आणि प्रश्न तुमचाही होतो. पहिल्या फिल्मनंतर सहा आठवड्यांनी दुसरी काढा, कारण ताज्या रक्ताखाली गाठ लपलेली असू शकते. ‘ऑपरेशन करता येईल’ म्हणणाऱ्या सर्जनना विचारा की गेल्या वर्षी त्यांनी ब्रेनस्टेमची अशी किती ऑपरेशनं केली, कुठून शिरणार आहेत, आणि नसांचं मॉनिटरिंग कोण करणार आहे. ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना विचारा की काय घडलं तर त्यांचं मत बदलेल. आणि तोवर पुन्हा अचानक डोकेदुखी, उलटी, नवा बधिरपणा किंवा गिळताना ठसका आला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तिला थेट इमर्जन्सीत घेऊन जा.